उसना घेतलेला एक

जेवणाच्या टेबलावर जेवायलाच जागा नव्हती. एका टोकाला रंगीत मण्यांच्या माळांची पेटी, तिच्या शेजारी व्हिडिओवाल्या कंपनीचा जाडजूड संच, मग 'तिसरीतच पाचवी' असं छातीठोकपणे सांगणारी निळी पुस्तकं, आणि सगळ्यांच्या वर, कुरिअरनं नुकतंच आलेलं, अजून प्लास्टिकमधून न काढलेलं आणखी एक खोकं. घरात माणसं दोनच, आई आणि तिची आठ वर्षांची मुलगी गुंडी. बाबा जहाजावर इंजिनिअर होते. ते सुट्टीवर आले की टेबल रिकामं व्हायचं. एरवी मायलेकी ताटं मांडीवर घेऊन जेवायच्या आणि आई घास गिळता गिळता त्या खोक्यांकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघायची.

तिचा राग कशाकशावर होता हे विचारूच नका. पहिला राग शाळेवर. गुंडीला वर्गात सगळे 'सावकार' म्हणत. का, तर काही नाही, म्हणत. मधल्या सुट्टीत 'ए सावकार', रांगेत 'सावकारांना पुढे जाऊ द्या', आणि बाईही हसून सोडून द्यायच्या. गणिताचा तास असेल त्या सकाळी पोरीच्या पोटात दुखू लागलं, डबा तसाच परत येऊ लागला. मग एक दिवस आई शाळेत गेली आणि मुख्याध्यापिकांच्या खोलीत तिनं तोंडाचा असा पट्टा सोडला की शिपाई चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा राहिला. परत येताना तिच्या एका हातात गुंडीचं दप्तर होतं आणि दुसऱ्या हातात गुंडी. आता ही घरीच शिकेल, असं तिनं जाहीर करून टाकलं.

भाषा, विज्ञान, चित्रकला, सगळं झकास चाललं. आई फिजिओथेरपिस्ट होती, घराच्या पुढच्या खोलीतच तिचं क्लिनिक होतं. दोन पेशंटच्या मधल्या वेळात ती गुंडीला माणसाच्या सांगाड्यावरची हाडं ओळखायला शिकवायची आणि गुंडी ती घडाघडा सांगायची. माशी शिंकली ती गणितात. कोणतं पुस्तक घ्यावं?

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, दुकानात जा आणि घ्या. तसं नसतं. घरी शिकवणाऱ्या पालकांचा एक ग्रुप होता, आणि त्या ग्रुपवर गणित हा विषय मुलांपेक्षा आईबापांचाच जास्त होता. कुणाचा मुलगा 'लेव्हल'च्या दोन वर्षं पुढे, कुणाची मुलगी मनातल्या मनात वर्ग काढते. एकानं एका अभ्यासक्रमाचं नाव घेतलं की दुसरा म्हणे, अहो, तो फारच बाळबोध, आम्ही तो बालवाडीतच संपवला. पोरं काय म्हणतात हे त्या ग्रुपवर कुणी लिहीत नसे. आईला हे सगळं दिसत होतं, तिचं पित्तही खवळत होतं, आणि तरीही सगळं वाचून झालं की ती नवं खोकं मागवत होती. शाळेच्या नाकावर टिच्चून गुंडीला हुशार करून दाखवायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

पुस्तकं बदलली, गाडी मात्र अडायची तिथेच अडायची. बेरीज आली की गुंडी भराभर पुढे. साधी वजाबाकी आली की पुढे. आणि वरचा आकडा लहान, खालचा मोठा अशी वजाबाकी आली की ठप्प. बावन्नातून सत्तावीस वजा कर म्हटलं की तिचं उत्तर पस्तीस. दोनातून सात जात नाहीत ना, मग ती सातातून दोन घालवायची आणि मोकळी व्हायची. मण्यांच्या माळा आल्या, उत्तर पस्तीस. व्हिडिओतला गाणारा ससा आला, तरी पस्तीस. निळ्या पुस्तकानं 'तज्ज्ञांनी सिद्ध केलेल्या' चार युक्त्या दिल्या, गुंडीनं त्या शांतपणे वाचल्या आणि पस्तीस लिहिलं. आताशा ती काही विचारायचीही नाही. पूर्वी दिवसभर आईच्या मागे 'असं का, तसं का' करत फिरणारी पोर गणिताचं पुस्तक उघडलं की तोंडाला कुलूप लावायची.

आईला त्याचीच धास्ती होती, आणि धास्तीचा तिला राग यायचा. शाळेतून काढताना तिनं सगळ्यांना छाती पुढे काढून सांगितलं होतं की पोरीत काही कमी नाही. आता रोज टेबलाशी बसलं की मनात नको तो विचार यायचा. खरंच कमी असलं तर? मग तो विचार दाबायला तिचा आवाज चढायचा.

त्या शनिवारी संध्याकाळी शेवटचा पेशंट गेला आणि ती टेबलाशी येऊन बसली. रविवारी वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये एका नव्या अभ्यासक्रमाचं प्रात्यक्षिक होतं, ग्रुपवर त्याची हवा झाली होती, आणि तिथे नाव नोंदवण्याआधी गुंडी नक्की कुठे आहे ते तिला बघायचं होतं. तिनं बावन्न वजा सत्तावीस लिहून दिलं. गुंडीनं पेन्सिल चावली. मग पस्तीस लिहिलं.

आईच्या डोक्यात काहीतरी तडकलं. इतकं सोपं आहे, ती ओरडली, इतकं सोपं की दुसरीतली पोरं करतात. दोनातून सात जातात का? नाही ना? मग शेजारून एक उसना घे! किती वेळा सांगायचं? गुंडी पुस्तकाकडे बघत राहिली. घे उसना, आई म्हणाली. गुंडीनं मान हलवली, नाही. घे म्हणते ना! पुन्हा नाही. मग आईच्या तोंडून तो शब्द गेला, मठ्ठ. आणि हाताच्या फटक्यानं मण्यांची पेटी खाली गेली, लाल-निळे मणी फरशीवर टणटण उडाले आणि सोफ्याखाली, फ्रिजखाली, कुठे कुठे गेले.

दारात आत्या उभी होती. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. कोर्टात दुभाषी होती, परभाषेतल्या साक्षीदारांचं बोलणं न्यायाधीशांना सांगायचं, हा तिचा व्यवसाय. शनिवारी चहाला यायची तिची सवय. तिनं चपला काढल्या, मण्यांवरून जपून पावलं टाकत आत आली आणि काही न बोलता गॅसवर चहा ठेवला. गुंडी टेबलाखाली शिरून मणी वेचू लागली. न बोलणाऱ्या माणसासमोर रागीट माणसाची फार पंचाईत होते. आईनं आपणहूनच सुरुवात केली. शाळेला नावं ठेवली, पुस्तकं लिहिणाऱ्यांना ठेवली, दूर समुद्रावर बसलेल्या नवऱ्याला ठेवली, आणि बोलता बोलता आत्यालाही ऐकवलं की तुम्हाला बोलायला काय जातं, तुम्हाला मूल नाही, वाढवून बघा म्हणजे कळेल.

आत्यानं ते ऐकून घेतलं. चहा गाळला. मग ती म्हणाली, "गुडघा धरून एखादा माणूस तुझ्या क्लिनिकमध्ये आला, तर तू पहिल्यांदा काय करतेस?"

"काय करते म्हणजे? विचारते, कुठे दुखतं, कधीपासून दुखतं."

"न विचारता व्यायाम देत नाहीस?"

"कसा देणार? गुडघा दुखतो म्हणून आलेल्याचं खरं दुखणं कंबरेत असतं कितीदा."

"मग इथे चार खोकी व्यायाम आणलेस की तू. हिला विचारलंस कुठे दुखतं ते?"

आईनं गुंडीला पाढे विचारले होते, उत्तरं विचारली होती, आज किती पानं झाली हे तर रोज विचारलं होतं. आत्या उत्तराची वाट बघत थांबली नाही. गुडघ्यात वाकून तिनं टेबलाखाली डोकं घातलं आणि अगदी सरळ आवाजात विचारलं, "गुंडे, उसना का नाही घेत गं?"

टेबलाखाली आणखी दोन मणी पेटीत पडले. मग हळूच आवाज आला.

"परत कधी द्यायचा, ते कुणी सांगतच नाही."

आत्यानं वर आईकडे पाहिलं. आई कपाळाला आठ्या घालून उभी होती, तिला अजून काही उमगलं नव्हतं. मग गुंडी तुकड्या तुकड्यानं बोलली. आत्या, उसनं घेतलं की परत द्यायचं असतं ना. आई शेजारच्यांकडून इस्त्री उसनी आणते ती परत देते. मग शेजारच्या आकड्याकडून एक उसना घेतला तर तो कधी देतात? गणित संपलं तरी देतच नाहीत. मी शाळेत बाईंना विचारलं होतं. बाई म्हणाल्या, तू काय सावकार आहेस का वसुली करायला? मग सगळे हसले. मग तेच नाव पडलं. मग मी उसना घेतच नाही.

वाचकहो, त्या खोलीत आई जागच्या जागी थिजली! ज्या नावासाठी ती शाळेत जाऊन भांडली, ज्या नावापायी तिनं पोरीचं दप्तर उचलून आणलं, ते नाव कुठून आलं हे तिनं एकदाही विचारलं नव्हतं. आणि तेवढंच असतं तरी एक वेळ चाललं असतं. तिला आठवलं की घरी शिकवायला लागल्यावर अगदी पहिल्या आठवड्यात गुंडीनं हा प्रश्न तिलाही विचारला होता. पेशंट दारात उभा होता. फालतू प्रश्न नकोत, पान संपव, असं म्हणून ती निघून गेली होती. शाळेतल्या बाई निदान हसून सोडून द्यायच्या, हिनं तर रोज टेबल बडवलं होतं.

ती मटकन खुर्चीत बसली. पण राग असा एका जागी बसत नाही. तो पुन्हा शाळेकडे वळला, त्या बाईंकडे वळला, आणि ती म्हणाली की सोमवारीच जाते आणि त्या बाईला सगळ्यांसमोर विचारते. आत्यानं तिला हातानंच थांब म्हटलं.

"जाशील गं. आधी पोरीला उत्तर तरी दे. तिचा प्रश्न चुकीचा आहे का?"

"म्हणजे काय... गणितात असंच म्हणतात, ताई. उसना घ्यायचा."

"म्हणतात ना? माझ्या कोर्टात एखादा माणूस म्हणाला, मी शेजाऱ्याची सायकल उसनी घेतली, आणि मी साहेबांना नुसतं 'घेतली' म्हणून सांगितलं, तर तो चोर ठरेल. एका शब्दाचा फरक आहे. तुम्ही उसना म्हणता आणि परत देत नाही. पोर म्हणते हे बरोबर नाही. मला तर या घरात तीच एक सरळ माणूस दिसते."

मग आत्यानं सांगितलं की तिच्या लहानपणी तो एक खरोखरच परत देत असत. वरच्या दोनाला उसने दहा देऊन बारा करायचे, आणि ज्याच्या नावावर घेतलं त्या शेजारच्या घरातल्या खालच्या आकड्यात एक वाढवून फेड करायची. बारातून सात गेले, पाच. खालचे दोन आता तीन झाले, पाचातून तीन गेले, दोन. पंचवीस. हिशेब चुकता. पुढे कधीतरी ती रीत मागे पडली, दुसरी आली, आणि या दुसऱ्या रीतीत कुणाला काही परत द्यावंच लागत नाही. पण जुना शब्द फारसा कुणी बदलला नाही. रीत गेली आणि शब्द तेवढा मागे राहिला, आणि तीस-तीस मुलांच्या वर्गात एखादीला तो खुपला तर सगळ्यांनी मिळून तिलाच हसायचं.

आई उठली आणि स्वयंपाकघरातून बिस्किटांचे पुडे घेऊन आली. एका पुड्यात दहा. पाच पुडे टेबलावर मांडले, आणि दोन बिस्किटं सुटी. गुंडी टेबलाखालून बाहेर आली. यातून मला सत्तावीस दे, आई म्हणाली. गुंडीनं दोन पुडे सरकवले, मग सुट्या दोन बिस्किटांकडे पाहिलं, मग बंद पुड्यांकडे पाहिलं. विचार करून करून एक पुडा फोडला. सात मोजून दिली. उरली बिस्किटं मोजली, उरले पुडे मोजले. पंचवीस, ती म्हणाली. मग तिनं फोडलेला कागद उचलून बघितला.

"म्हणजे उसना नाहीच घेतला. पुडा आपलाच होता."

"आपलाच," आई म्हणाली, आणि मग तिला रडू आवरेना.

रविवारी सकाळी मायलेकी वाचनालयात गेल्या. आत्याही गेली. हॉल गच्च भरला होता. पुढे पडद्याजवळ अभ्यासक्रम विकणारे एक गृहस्थ उभे होते, इस्त्रीचा शर्ट, हातात लेझरचा लाल ठिपका, आणि बोलणं असं गुळगुळीत की मधे कुठे बोट ठेवायला जागा नाही. आमची मुलं अडत नाहीत, ते म्हणाले, कारण आम्ही त्यांना अडू देत नाही. पालकांनी माना डोलावल्या. मग पडद्यावर वजाबाकी आली. एकसष्टातून अडतीस. एककाच्या घरात राहणारी एक खार उड्या मारत दशकाच्या घरी गेली आणि गोड आवाजात म्हणाली, दशककाका, मला एक उसना द्या ना! दशककाकांनी दिला. खारीनं वजाबाकी केली, टाळ्या वाजल्या, खार नाचली. काकांचं पुढे काय झालं ते कुणी दाखवलं नाही.

गुंडीनं आईचा हात घट्ट धरला होता. ती काही बोलणार नव्हती, हे आईला त्या हातावरूनच कळत होतं. वर्षभर न बोलण्याची सवय झालेली पोर एका बिस्किटाच्या पुड्यानं बोलती होत नाही. आईनं सकाळपासून काहीच ठरवलं नव्हतं. पण ती उभी राहिली.

"एक विचारायचं आहे. हा उसना घेतलेला एक परत कधी द्यायचा?"

आधी दोघंतिघं हसले. मग गृहस्थ मिश्कील चेहरा करून म्हणाले, "बाई, व्याजही लावायचं का त्यावर?" आणि सगळा हॉल हसला. ग्रुपवरची ओळखीची माणसं हसली. पुढच्या रांगेतली एक आई मागे वळून बघत हसली. खाली बसावं, आपण विचारलंच नव्हतं असं दाखवावं, असं आईला इतकं वाटलं की ती खुर्चीकडे हात करून वाकूही लागली. चाळिशीची बाई, दिवसाला दहा माणसांना उभं राहायला शिकवणारी, आणि हसण्यानं तिची ही गत! आठ वर्षांच्या पोरीनं हे कसं सोसलं असेल, या विचारासरशी तिच्या अंगाचा तिळपापड झाला आणि ती पुन्हा ताठ झाली.

तेवढ्यात तिच्या बाजूनं आवाज आला. बारीक, थरथरता, पण अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा.

"हसू नका. आईनं खरंच विचारलंय."

गुंडी खुर्चीवर उभी राहिली होती. रडवेली झाली होती, पण बोलत होती. परत द्यायचं नसेल तर उसना म्हणू नका, ती म्हणाली. तो उसना नसतोच. पुडा आपलाच असतो, आपण फक्त तो फोडतो. खारीला खोटं बोलायला का लावता?

हसणं थांबलं. गृहस्थांचा लाल ठिपका छतावर कुठेतरी फिरत राहिला. मागच्या रांगेतले एक वडील शेजारच्याला म्हणाले की खरं आहे, मला पण हे कधी कळलंच नव्हतं, मी आपला पाठच केलं होतं. आणि मग तिसऱ्या रांगेतून आणखी एक हात वर आला. तोही एका मुलीचाच. शेजारच्या घरात शून्य असेल तर, तिनं विचारलं, त्याच्याकडे तर काहीच नसतं, मग खार काय करणार? तिच्या आईनं घाईनं तिचा हात खाली ओढला. गृहस्थांनी घड्याळ बघितलं आणि प्रश्नोत्तरं शेवटी घेऊ म्हणाले.

"शेवटी नाही," गुंडीची आई म्हणाली, "आत्ता. ती विचारते आहे ना? आम्ही थांबतो. आणि अहो, तुम्ही त्या मुलीचा हात सोडा."

त्या माऊलीनं हात सोडला.

आईनं त्या दिवशी नाव नोंदवलं नाही. घरी आल्यावर तिनं सगळे संच गुंडीपुढे मांडले आणि तूच बघ म्हणाली. गुंडीनं प्रत्येकातलं ते एकच पान काढलं आणि तिथे काय लिहिलंय ते वाचलं. उसना, उसना, शेजाऱ्याकडून, उसना. एक जुनं, बिनचित्रांचं, पातळसं पुस्तक आत्यानं तिच्याकडचं आणून ठेवलं होतं. त्यात लिहिलं होतं, 'एक दशक सुटा करू.' हे चालेल, गुंडी म्हणाली. गणिताचं पुस्तक असं ठरलं. बाकीची खोकी परत गेली, आणि मायलेकी टेबलावर जेवू लागल्या.

तुमच्याही घरात असं एखादं टेबल असेल. पोरं शाळेत जात असोत की घरी शिकत असोत, त्यानं काही फरक पडत नाही. पोर अडलं की आपण आधी शाळा बदलतो, मग शिकवणी बदलतो, मग पुस्तक बदलतो, आणि इतकं सोपं आहे म्हणून त्याच्यावर डाफरतो. जे आपल्याला सोपं वाटतं ते बहुतेक वेळा आपण पाठ केलेलं असतं. पोरानं विचारलेला प्रश्न वेडगळ वाटला, हसू आलं, तर क्षणभर ते हसू गिळा आणि उत्तर शोधा. सापडलं नाही तर मला येत नाही असं त्याला सांगा, त्यात कमीपणा नाही. पोराच्या प्रश्नाला हसणारा बाप, हसणारी आई, हसणारे गुरुजी यांच्याइतकं मुलाचं नुकसान कोणतंही वाईट पुस्तक करू शकत नाही. कारण पुस्तक बदलता येतं, पण एकदा हसून गप्प केलेलं पोर पुन्हा कधी विचारेल याचा भरवसा कुणीच देऊ शकत नाही. गुंडीनं पुन्हा विचारलं, हे आईचं नशीब. ते सगळ्यांच्या वाट्याला येत नाही.